उताऱ्यात नसलेला

बाळ्ळीत आमच्या आणि कोंसेसांवच्या भाटामध्ये एक वई आहे.
शेर, निगडी, करवंद, कुसलेले चार खांब,
आणि सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकून चढलेली कांगोणी.
तीस वर्षं मी सर्व्हेत होतो. आधी साखळीनं, पुढे यंत्रानं
अशा शेकडो वया मोजल्या.
नकाशावर वई म्हणजे एक रेघ.
रेघेला जाडी नसते, असं आम्हाला शिकवलेलं.

तो त्या जाडीत राहतो.

पांढरा. करंगळीच्या पेराहून लहान.
पंखांवर काळे ठिपके,
धुतलेल्या सदऱ्यावर कुणी टाक झटकावा तसे.
एका वर्षी सहा दिसले, एका वर्षी दोन.
गेल्या वर्षी एकही नाही,
की माझा मोतीबिंदू, सांगता येत नाही.
एक-चौदाच्या उताऱ्यात मालकाला रकाना, कुळाला, पिकाला.
ह्याला नाही.

मादी अंडी घालते कांगोणीच्या फांदीवर,
एकावर एक सरकवून, मंगळुरी कौलांसारखी.
वरून कसलासा राप देते,
तो सुकून सालीच्या रंगाचा होतो.
आत अळ्या जन्मतात, पण बाहेर येत नाहीत.
स्वतःच्याच टरफलांच्या छपराखाली
दिवाळी जाऊ देतात, शिगमो जाऊ देतात,
काजूच्या भट्टीचा धूर वईतून जाऊ देतात.
नऊ महिने. जवळजवळ उपाशी.
लोक मला कचेरीत विचारायचे, फाईल कुठवर आली?
मी म्हणायचो, आहे, हलते आहे.
तसंच.

मग आषाढात उठतात.
आधी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर,
नंतर सगळ्या मिळून जाळं,
कांगोणीला मच्छरदाणी लावल्यागत,
आणि आत बसून तिलाच खातात.
कोंसेसांव म्हणते, कीड ती, औषध मार.
औषधाची बाटली तिच्याच पडवीत आहे,
गेली आठ वर्षं, बूच न उघडलेली.

चवथीला माटोळीचं सामान फोंडू वेळीप आणतो.
यंदा त्याचे गुडघे धरले, रान लांब पडलं,
म्हणून कांगोणी त्यानं आमच्या वईचीच तोडली.
मी शिडीवर चढून बांधली:
आंबाडे, कवंडळं, सुपारीचं शिपटं,
मध्ये कांगोणीचे पिवळे घोस.
दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत
वरून एक धागा उतरला, त्याच्या टोकाला अळी.
सून ओरडली. टाळ थांबले.
मी पंचांगाचं पान पुढे धरलं, ती त्यावर बसली.
वर पाहिलं तर शिपट्याच्या आडोशाला
पांढरे कोष, तांदळाएवढे, दाटीनं टांगलेले.
तेवीस.

पाचव्या दिवशी गणपती तळीकडे गेला.
माटोळी सोडायची असते. मी सोडू दिली नाही.
घरात बोलणं झालं, शेजारी कुजबुजले.
मी म्हटलं, वर मुंडकार आहेत,
कायद्यानं हुसकता येत नाहीत.
मुलगा हसला नाही.

आंबाडे सडून टपटपू लागले.
बाराव्या रात्री, दिवा मालवून बसलो असताना,
एक आला बाहेर. ओला, चुरगळलेला,
पाकिटात फार दिवस राहिलेल्या पावतीसारखा.
पंख सपाट व्हायला एका बिडीएवढा वेळ लागला.
पाच कोषांतून मात्र बारीक काळ्या गांधिली निघाल्या.
तीही कुळंच.
बाकीचे खिडकीतून गेले. वईकडेच गेले असतील.

परवा कोंसेसांवचा लिगोरियु बोटीवरून फोनवर बोलला:
चिरे सांगितलेत, खर्च अर्धा अर्धा,
भिंत झाली की कटकट नाही.
ती फोन कानाला धरून वईशी उभी होती.
'पळोवया' एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं.

मी आत जाऊन जुनी टेप काढली,
एक टोक तिच्या हातात दिलं.
करवंदीनं मनगट ओरबाडलं.
वहीत लिहिलं:
वईची जाडी, एक मीटर दहा.
कांगोणीपाशी थोडी जास्त.